जुन्या कन्याशाळेची डागडुजी: आधी पाणी, मग भिंत, रंग सगळ्यात शेवटी

दरवर्षी मे महिन्यात तोच प्रकार. शाळेला सुट्टी लागते, माजी विद्यार्थिनींची वर्गणी जमते आणि सगळ्यात आधी बोलावणं जातं रंगाऱ्याला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा भिंती चकाचक असतात. गौरी-गणपती येईपर्यंत त्याच भिंतींवर खिडकीखाली फुगे येतात, पापुद्रे सुटतात, पांढरा लोणा (खार) फुटतो. मग गवंडी सांगतो, "बाई, भिंतच कुजकी आहे, सिमेंटचं प्लास्टर मारून टाकू." पुढच्या मे महिन्यात तेही होतं. ओल मात्र कुठेच जात नाही, सिमेंटच्या मागे भिंतीत मुरत राहते.

सातारा शहरात आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावी अशा इमारती अजून वापरात आहेत. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटा किंवा दगड, सागवानी तुळया, पुढे पडवी आणि मंगलोरी कौलांचं छप्पर. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आरसीसी इमारतीला यातलं बहुतेक काही लागू नाही.

कामाचं वर्ष कसं लावायचं

काम बिघडतं ते बहुतेक वेळा क्रमामुळे. चुन्याला उन्हाची घाई चालत नाही आणि कौलांना पावसाची. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कागद आणि नोंदी, एप्रिल-मेमध्ये छप्पर आणि अंगणातलं पाणी. पावसाळाभर भिंतीला हात लावायचा नाही. फक्त बघायचं, आणि एकीकडे चुना मुरवायला ठेवायचा. दिवाळीनंतर दरजा (दगड-विटांमधले सांधे) आणि गिलावा (प्लास्टर), फेब्रुवारीत सफेदी.

म्हणजे जवळजवळ वर्षभर शाळा डागाळलेलीच दिसणार. हे पालकसभेत आधीच सांगून टाका, नाहीतर ऑगस्टमध्ये कुणीतरी परस्पर रंगाचे डबे आणतं.

टप्पा १: कागद आणि इंजिनिअर

इमारत कुणाच्या नावावर आहे ते मिळकत पत्रिकेवर बघा. शाळा चालवणारी संस्था आणि जागेची मालकी यांत पुष्कळदा फरक असतो. कधी जागा नगरपालिकेची, कधी जिल्हा परिषदेची, कधी ट्रस्टची. परवानगीचा अर्ज मालकाच्या सहीने जातो.

मग तीन गोष्टी विचारा. इमारत नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का? प्राचीन वास्तूंच्या १९६० च्या राज्य कायद्याखाली ती संरक्षित आहे का? आणि केंद्र संरक्षित स्मारक किती जवळ आहे? अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित. साधी डागडुजीही तिथे परवानगीशिवाय करता येत नाही.

संरचना तपासणी परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या, पण त्याला पहिला प्रश्न हा विचारा: चुन्याच्या इमारतीवर काम केलंय का? हातोडी मारून भिंत 'पोकळ' म्हणणारे आणि लगेच पाडकामाचा अहवाल देणारे कमी नाहीत. अशा वेळी दुसरं मत घ्यायला लाजू नका.

थांबा: भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसेल, फुगली असेल किंवा तुळई वाकली असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. तो वर्ग बंद करा, मुलींना दुसरीकडे बसवा. ती इंजिनिअरची बाब आहे, वर्गणीतल्या डागडुजीची नव्हे.

टप्पा २: हात लावण्याआधी नोंद

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो. मग काम झाल्यावर कुणालाच आठवत नाही की दारावरची पट्टी कशी होती.

प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. हाताने नकाशा काढा. चारही बाजू मोजाच, शिवाय दोन्ही कर्ण मोजा. जुन्या खोल्या काटकोनात क्वचितच असतात आणि कर्ण घेतले नाहीत तर कागदावर खोली जुळत नाही. प्रत्येक भिंतीचा समोरून एक फोटो, त्यात मोजपट्टी किंवा फूटपट्टी दिसली पाहिजे. फोटोच्या नावातच खोली आणि दिशा लिहा: "खोली ४, पश्चिम". फोनमध्ये नुसते शेकडो फोटो असणं म्हणजे नोंद नव्हे.

मुलींच्या जुन्या शाळांत काही गोष्टी खास शोधायच्या असतात, कारण त्याच आधी तोडल्या जातात. रस्त्याकडच्या खिडक्यांचा उंबरा पुष्कळदा डोक्याच्या उंचीवर असतो आणि चौकाकडच्या खिडक्या खाली उतरलेल्या असतात. बाहेरून आत नजर जाऊ नये, पण वारा खेळावा, अशी ती रचना. वर झरोके असतात. 'उजेड कमी पडतो' म्हणून रस्त्याकडचा उंबरा फोडून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली जाते. तिची एका वेळी निम्मीच बाजू उघडते, झरोका बुजतो, आणि पश्चिमेची झड खालच्या पन्हळीतून सरळ भिंतीत उतरते. उजेड हवा असेल तर आधी झरोक्यावर ठोकलेला पत्रा काढून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

याशिवाय भिंतीतले कोनाडे, दिवळ्या, लाकडी खुंट्या, भिंतीतलाच काळा फळा, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. पायऱ्यांच्या चिऱ्यांवर कडेला बोटभर लांब, गुळगुळीत खाचा दिसल्या तर त्या पाटीवरच्या पेन्सिलींना टोक काढताना पडलेल्या असू शकतात. पाथरवटाला 'पायऱ्या जरा साफ करून दे' म्हणालात की टाकी मारून तो त्या एका सकाळी नाहीशा करतो. देणगीदारांच्या पाटीवरची अक्षरं पुसट असतील तर त्यांत काळा रंग भरू नका. संध्याकाळी बाजूने विजेरी धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून येतात.

एक नेहमीची गफलत. कौल उतरवलं, मागे बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हा आकडा दिसला, की शाळेच्या फलकावर 'इमारत १८६५ ची' लागलीच म्हणून समजा. ते बासेल मिशनचा मंगळुरातला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. पुढे कित्येक वर्षं काढलेल्या कौलांवरही तेच उमटत होतं. इमारतीचं साल ठरवायचं तर शाळेचं जुनं दफ्तर, पायाभरणीची पाटी आणि मिळकतीचे कागद बघा.

भेगांची नोंद वेगळी ठेवा. सातारा जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासूनच्या भेगा भिंतींत असू शकतात. त्या जुन्या आणि निवांत असतील तर भीती नाही. भेग चालू आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. रंग आणि सैल गिलावा खरवडून भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळा उलटेपर्यंत तशीच ठेवा. काच तडकली तर भेग जिवंत आहे.

टप्पा ३: पाणी कुठून येतंय?

ओल तीन वाटांनी येते: वरून, खालून, बाजूने. डाग कुठे आहे यावरून अर्धा शोध लागतो.

छताखालून सुरू होऊन खाली ओघळलेला डाग म्हणजे कौल, पन्हळ किंवा छपराच्या दोन पाख्यांमधली (उतारांमधली) वळण. जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेला आणि वर लोण्याची पांढरी रेघ असलेला पट्टा म्हणजे जोत्यातून चढणारी ओल. फक्त पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर खिडकीभोवतीच डाग असेल तर झड.

चौथी वाट कुणी मोजत नाही आणि मुलींच्या शाळेत हमखास सापडते: जुन्या भिंतीला टेकून नंतर बांधलेलं स्वच्छतागृह, किंवा गच्चीवरच्या टाकीचं वाहून जाणारं पाणी. उन्हाळ्यातही ओली राहणारी भिंत दिसली की आधी तिथला नळ बघा. दोन दिवस सुट्टीत मुख्य कॉक बंद ठेवा, टाकीच्या पाण्याची रेघ खडूने आखून ठेवा. रेघेखाली पाणी गेलं तर गळती नक्की.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या पेठांत आणखी एक बाब. इमारतीची डोंगराकडची बाजू जमिनीत अर्धवट रुतलेली असते आणि वरून झिरपणारं पाणी तिलाच येऊन भिडतं. तिथे आतून कितीही 'वॉटरप्रूफ' लावलं तरी पाणी रस्ता शोधतंच. त्याला बाहेरच वळवावं लागतं.

तपासा: या टप्प्यानंतर हातात एक कागद हवा, ज्यावर प्रत्येक डागासमोर त्याची वाट लिहिलेली आहे. एखाद्या डागासमोर नुसतं 'ओल' लिहिलं असेल तर शोध पुरा झालेला नाही.

टप्पा ४: छप्पर, एप्रिल-मे

एका वेळी एकच पाखं उघडा, आणि रोज संध्याकाळी ताडपत्री. वळवाचा पाऊस विचारून येत नाही.

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे. चांगली कौलं पाण्यात बुडवून काथ्याच्या ब्रशने घासा. शेवाळ काढायला ॲसिड नको.

इथे एक व्यवहारी सल्ला. नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. जुनी आणि नवी मिसळली की सांध्यांतून गळती लागते. म्हणून शाबूत जुनी कौलं गोळा करून पुढचं, म्हणजे रस्त्याकडचं पाखं त्यांनी भरा, आणि नवी सगळी मागच्या पाख्यावर. रिपांमधलं (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर त्या त्या कौलाच्या मापाने पुन्हा बांधून घ्या. सुतार जुन्याच रिपांवर नवी कौलं रेटतो तेव्हा एकमेकांवर येणारा भाग कमी पडतो.

वासे आणि तुळया टोच्याने तपासा, विशेषतः भिंतीत शिरलेली टोकं. मधलं लाकूड ठणठणीत आणि भिंतीतलं टोक भुगा झालेलं, असं सर्रास आढळतं. टोक कुजलं म्हणून अख्खी सागवानी तुळई बदलायची गरज नसते. चांगला सुतार टोकाला नवा तुकडा सांधतो. त्या टोकाभोवती मात्र सिमेंट ठासून भरू नका. लाकडाला श्वास घ्यायला बोटभर जागा हवी.

आढ्यावरची कोन्याची कौलं चुना-सुरखीत (सुरखी म्हणजे विटेची भुकटी) बसवा. पन्हळींचा उतार पाणी ओतून बघा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

सावध: 'कौलांची कटकटच नको, पत्रे टाकू' असा ठराव येईल. पत्रा दुपारी तापतो, पावसात बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, आणि कौलांचं वजन गेलं की वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून वेगळी बांधणी करावी लागते. तो खर्च ठरावात कुणी धरत नाही.

टप्पा ५: जोतं मोकळं करा

गेल्या काही वर्षांत बहुतेक शाळांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आले. जुनी जमीन न खोदता वर भर घालून ते बसवले, म्हणून अंगण वीतभर वर आलं आणि जोत्याचे खालचे थर झाकले गेले. पावसाचं पाणी आता जोत्याच्या दगडाऐवजी थेट त्याच्या वरच्या विटेला लागतं.

भिंतीलगत दोन-अडीच फुटांचा पट्टा उखडा, जुनी पातळी सापडेपर्यंत माती काढा आणि तिथे खडी भरा. खडीखालच्या मातीला भिंतीपासून दूर, गटाराकडे उतार हवा. उतार नसलेला खडीचा चर म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी आपणच बांधलेला हौद. डोंगराकडच्या बाजूला वळवणीचा चर भिंतीला लागून नव्हे, थोडा दूर खणा. पायाच्या खाली कधीच जाऊ नका, आणि हातभरापेक्षा खोल जायचं असेल तर इंजिनिअर समोर हवा.

आता पाऊस येऊ द्या. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला त्याच डागांचे त्याच जागेवरून फोटो घ्या. हे काम आठवी-नववीच्या मुली उत्तम करतात. जो डाग वाढत नाही, त्याची वाट बंद झाली. जो वाढतो, त्यासाठी टप्पा तीनकडे परत जायचं.

टप्पा ६: चुना मुरवणं, पावसाळ्यात

कळीचा (अजून पाणी न लागलेला) चुना ताजा, दगडासारखा कडक घ्या. हाताला भुकटी लागत असेल तर तो हवेने आधीच मेलेला आहे. पिंप लोखंडी, प्लास्टिकचं नको. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं केलं, कळीवर पाणी ओतलं, तर चुना उसळून अंगावर येतो. पाणी उकळी फुटेपर्यंत तापतं.

सावध: डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे असल्याशिवाय पिंपाजवळ कुणी जायचं नाही. हे काम सुट्टीच्या दिवशी आणि कुलूप लागेल अशा जागी. डोळ्यात चुना गेला तर चोळायचं नाही. लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा.

निवल्यावर बारीक जाळीतून गाळून घ्या. जाळीवर राहिलेले खडे टाकून द्या. ते गिलाव्यात गेले तर काही महिन्यांनी आतल्या आत फुलून भिंतीवर फोड उठवतात. गाळलेल्या चुन्यावर कायम चार बोटं पाणी ठेवून झाकण लावा. तीन आठवडे ही कमीत कमी मुदत. दिवाळीपर्यंत ठेवलात तर लोण्यासारखा मऊ होतो.

आयएस ७१२ या भारतीय मानकात चुन्याचे वर्ग आहेत. बाजारात सहज मिळणारा पांढराशुभ्र चुना बहुधा सी वर्गाचा असतो. तो नुसत्या हवेने, सावकाश आवळतो. साताऱ्याच्या पावसात बाहेरच्या भिंतीला तो एकटा पुरत नाही, सुरखी लागतेच. सुरखी मऊसर भाजलेल्या जुन्या विटांची. काळपट, जास्त भाजलेल्या विटांची भुकटी नुसती भर होते.

वाळूसाठी बाटलीची परीक्षा करा. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून काही तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर वाळू धुऊन घ्या. हल्ली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येते, तिच्यात भुकटी जास्त असते, ती धुवावीच लागते.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांवरून गवंड्यांशी वाद होतात. जुन्या कामात ते वापरत, हे खरं. पण प्रमाण माहीत नसताना गूळ ओतला तर गिलावा आवळत नाही आणि मुंग्यांची रांग लागते. साध्या भिंतीला यांपैकी काही नसलं तरी चालतं.

टप्पा ७: जुनं काढणं आणि दरजा

सिमेंटचं प्लास्टर आणि खालचा ऑइल पेंटचा पट्टा काढायचा. छिन्नी आणि लहान हातोडीने, ब्रेकर मशीनने नाही. जिथे जुना चुन्याचा गिलावा घट्ट धरून आहे तिथे तो राहू द्या. सगळी भिंत नागडी करण्याची हौस गवंड्याला असते, कारण मोजमाप चौरस फुटावर असतं. कंत्राटातच लिहा की सैल भाग आधी खडूने आखून दाखवायचा आणि तेवढाच काढायचा.

सिमेंट की चुना, हे ओळखायला खिळ्याने ओरखडा काढा. चुना मऊ, पिवळसर-पांढरा, आत पांढऱ्या गाठी. सिमेंट राखाडी आणि खिळ्याला दाद न देणारं. व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे चुनाच, असं धरू नका. जुनं सिमेंटही फेसाळतं.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि भुकटी सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तोच खार पुन्हा भिंतीत जाईल.

दरजा अंगठाभर खोल कोरून, पाणी मारून, चुना-सुरखीने ठासून भरा. मसाला दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत राहिला पाहिजे. दगडाभोवती सिमेंटची फुगीर, रंगवलेली नक्षी हल्ली फार दिसते. तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं.

टप्पा ८: गिलावा

आधी मागच्या भिंतीवर हातभर चौरस नमुना. चुना एक, सुरखी एक, वाळू दोन, इथून सुरुवात करा. महिनाभर बघा. बारीक भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोटाने भुगा पडला तर कमी करा.

मसाला काँक्रीटच्या फिरत्या ड्रममध्ये नीट एकजीव होत नाही. घाणी (चुना मळायची चक्की) मिळाली तर उत्तम, नाहीतर लाकडी मुसळाने कुटून घ्या. 'घट्ट आहे, पाणी घाल' असं गवंडी म्हणेल. पाणी नको, आणखी कुटा. मग तो आपोआप सैल होतो.

भिंत आदल्या संध्याकाळपासून भिजवा. एकेक थर बोटाच्या पेराच्या निम्म्याहून जाड नको. पहिला थर खरबरीत ठेवा, वर आडव्या-तिडव्या रेघा ओढा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडत नाही पण नखाची खूण उमटते, तेव्हा दुसरा थर. थंडीत याला आठवडा-दहा दिवस लागतात. उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं टांगा आणि दिवसातून चार-पाच वेळा हलका फवारा मारा. नळीचा जोरदार झोत नको.

सावध: 'चिमूटभर सिमेंट घालू, लवकर आवळेल' हे वाक्य कामाच्या तिसऱ्या दिवशी ऐकू येणारच. थोड्या सिमेंटने धड सिमेंटची ताकदही येत नाही आणि चुन्याचं काम मात्र बिघडतं. सिमेंटच्या गोणीला आवारात जागाच देऊ नका.

टप्पा ९: सफेदी

चुन्याची सफेदी दुधासारखी पातळ करा. दोन जाड हातांपेक्षा चार पातळ हात टिकतात. प्रत्येक हाताआधी भिंत किंचित दमट हवी. रंग हवा असेल तर पिवडी (पिवळी माती) किंवा काव (तांबडी माती), दोन्ही चुन्यात टिकतात. ओला हात गडद आणि पारदर्शक दिसतो, वाळल्यावर उजळतो. म्हणून रंगाचा निर्णय ओल्या भिंतीसमोर उभं राहून घेऊ नका.

वर्गात खालचा भाग मुलींच्या पाठी आणि दप्तरं घासून मळतो, म्हणून ऑइल पेंटची मागणी परत येईल. त्याऐवजी भिंतीपासून बोटभर पुढे लाकडी पट्टी ठोका आणि बाकं तिला टेकवा. पट्टीच्या मागून वारा जातो.

उरलेला चुना फेकू नका. पाण्याखाली, झाकणबंद पिंपात तो वर्षानुवर्षं चांगला राहतो. पिंपावर तारीख आणि वापरलेलं प्रमाण ऑइल पेंटने लिहून ठेवा. ऑइल पेंटचा या शाळेत एवढाच उपयोग.